पळस्पे फाटा ते धनुष्कोडी: मैत्रिणींसोबत मोटरसायकलवर दक्षिणेत जायचं तर

आमची पहिली दक्षिणेची सहल २०१९ च्या जानेवारीत पहिल्याच संध्याकाळी संपली. मुंबईहून एका दिवसात हुबळी, म्हणजे जवळपास पावणेसहाशे किलोमीटर, असं आम्ही ठरवलं होतं. निपाणी मागे पडली तेव्हा अंधार झाला होता. उसाचा हंगाम होता. पुढे दोन ट्रॉल्या लावलेला ट्रॅक्टर चालला होता, त्याला मागे ना दिवा, ना लाल पट्टी. आम्हा चौघी मैत्रिणींत सगळ्यात शेवटी येणाऱ्या डोंबिवलीवालीला तो अगदी जवळ आल्यावर दिसला. तिनं ब्रेक दाबला, गाडी घसरली आणि ती हातावर पडली. मनगटातलं स्कॅफॉइड नावाचं छोटं हाड मोडलं. या हाडाला रक्तपुरवठा कमी, त्यामुळे ते जुळायला फार वेळ घेतं. तिचं प्लास्टर अकरा आठवडे राहिलं.

मी परळला फिजिओथेरपिस्ट आहे. प्लास्टर निघाल्यावर तिच्या मनगटाचे व्यायाम मीच घेतले. एका दिवशी हात गरम पाण्यात बुडवून बसलेली असताना ती म्हणाली, "अगं, मी कोल्हापूरलाच संपले होते. पण तुम्ही तिघी पुढे होतात. माझ्यामुळे सगळ्यांना कशाला थांबवायचं, म्हणून बोलले नाही."

पुढे जे लिहितेय ते सगळं या एका वाक्यामुळे. २०२५ च्या जानेवारीत आम्ही चौघी पुन्हा निघालो. अठरा दिवस, सुमारे ३,८०० किलोमीटर, धनुष्कोडी आणि कन्याकुमारी करून सगळ्या धडधाकट परत आलो. ठाणेवाली, बोरिवलीवाली, डोंबिवलीवाली आणि मी. कॉलेजपासूनच्या मैत्रिणी आहोत, आणि जवळच्या माणसांबरोबर जाताना हाच धोका असतो: परक्या माणसाला आपण "दमले" असं सहज सांगतो, मैत्रिणीला सांगत नाही.

कधी निघायचं

दसरा-दिवाळी झाली की पाऊस संपला, हा आपला हिशोब तमिळनाडूत चालत नाही. तिथे ऑक्टोबर ते डिसेंबर ईशान्य मोसमी पाऊस असतो, आणि पूर्व किनाऱ्यावर वर्षाच्या पावसाचा मोठा वाटा याच तीन महिन्यांत पडतो. चक्रीवादळंही याच दिवसांत येतात. दिवाळीच्या सुट्टीला जोडून निघालात तर मुंबईत कोरडं आणि तंजावरला गुडघाभर पाणी अशी गत होऊ शकते. मार्चपासून ऊन चटके देतं आणि जूनच्या सुरुवातीला केरळात नैऋत्येचा पाऊस येतो. राहिला जानेवारीचा दुसरा पंधरवडा आणि फेब्रुवारी. त्यातही आपल्या संक्रांतीच्या वेळी तिकडे पोंगल असतो, तीन-चार दिवस दुकानं, गॅरेजं बंद आणि लॉज भरलेले. आम्ही १८ जानेवारीला निघालो.

बायका निघणार असाल तर पाळीचे दिवसही आखणीतच धरा. आम्ही चौघींनी तारखा समोर ठेवून मुक्कामाचे, म्हणजे गाडी न चालवण्याचे दिवस ठरवले. यात संकोच करू नका.

दिवसाचा पल्ला कसा ठरवायचा

गटातल्या सगळ्यात जोरात चालवणारीला विचारून पल्ला ठरवायचा नाही. सगळ्यात लवकर दमणारीचं शरीर काय सांगतं ते बघायचं, आणि ते शरीराकडूनच काढून घ्यायचं, तोंडी विचारून नाही.

त्यासाठी आम्ही निघण्याच्या दोन महिने आधी एका रविवारी नाशिकला जाऊन त्याच दिवशी परत आलो. जाऊन-येऊन साडेतीनशेच्या आत. पण "कसं वाटलं?" हा प्रश्न रविवारी रात्री विचारला नाही, तेव्हा सगळ्यांनाच मस्त वाटत असतं. सोमवारी रात्री एकेकीला फोन केला. स्नायूंचं दुखणं दुसऱ्या दिवशी वर येतं. डोंबिवलीवालीची मान सोमवारी वळत नव्हती आणि बोरिवलीवालीच्या दोन बोटांना मुंग्या होत्या. मग पुढचे सहा आठवडे मान आणि पाठीचे व्यायाम झाले, पुन्हा एकदा नाशिक झालं, आणि दिवसाला साधारण ३५० किलोमीटरपर्यंत हा आकडा नक्की झाला. प्रत्यक्षात आमची दिवसाची सरासरी २७० च्या आसपास राहिली. मोठे म्हणावे असे तीनच दिवस होते: मुंबई ते कोल्हापूर, कोल्हापूर ते होस्पेट आणि परतताना हुबळी ते सातारा.

दुसरा नियम अंधाराचा. चार वाजता मुक्कामाच्या गावात असायचं, साडेपाचनंतर गाडी रस्त्यावर नको. तुमची गाडी कितीही चांगली असो, समोरच्या बैलगाडीला, ट्रॉलीला, रस्त्यावर बसलेल्या म्हशीला दिवा नसतो.

तिसरा नियम आमच्या घरचा आहे, आणि मला तो सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. "चहा" हा शब्द कुणीही उच्चारला की पुढच्या सुरक्षित जागी चौघींनी थांबायचं. का, आत्ताच तर थांबलो होतो, आणखी दहा किलोमीटरवर चांगलं हॉटेल आहे, यातलं काहीही बोलायचं नाही. चहा प्यायलाच पाहिजे असंही नाही. हेल्मेटमध्ये बोलता येत नाही, म्हणून खूण ठरवली: हेडलाइट तीनदा उघडझाप. पहिल्या दिवशी हा शब्द कुणी वापरेना. मग साताऱ्याच्या अलीकडे मीच, गरज नसताना, दिवा उघडझाप केला. त्यानंतर डोंबिवलीवालीनं कराडला केला. तिथून पुढे अठरा दिवस अडचण आली नाही.

गाडीची तयारी

सर्व्हिसिंग निघायच्या आदल्या दिवशी करू नका. दहा-बारा दिवस आधी करा आणि मग रोजच्या वापरात दोन-तीनशे किलोमीटर चालवा. गॅरेजमध्ये काही सैल राहिलं असेल तर ते मुंबईतच कळेल. आमच्यात दोन साडेतीनशे सीसीच्या, एक दोनशेची आणि एक दीडशेची गाडी होती. दीडशेच्या गाडीनं दक्षिण होते का, असं लोक विचारतात. होते. फक्त वेग तिचा धरावा लागतो, म्हणजे ताशी सत्तर-पंच्याहत्तर, आणि तो वेग चौघींनाही बरा पडतो.

सोबत काय हवं ते तुमच्या चाकांवर ठरतं. तारांची चाकं असतील तर पुढची आणि मागची अशा दोन्ही ट्यूब घ्या, अलॉय आणि ट्यूबलेस असेल तर पंक्चर किट आणि छोटा पंप. क्लच केबल आणि अ‍ॅक्सिलरेटर केबल प्रत्येक गाडीची वेगळी असते, लहान गावात मिळेलच असं नाही. मेकॅनिकला सांगून जादा क्लच केबल जुन्या केबलच्या शेजारूनच ओढून बांधून ठेवा, तुटली तर पाच मिनिटांत जोडता येते. चेनला दर पाचशे किलोमीटरला ल्यूब, तेही संध्याकाळी, चेन गरम असताना. टायरची हवा मात्र सकाळी, टायर थंड असताना बघायची.

सामान मागच्या सीटवर उंच रचू नका. दोन्ही बाजूंना सारखं वजन, जड वस्तू खाली. लायसन्स, आरसी, विमा आणि पीयूसी डिजिलॉकरमध्ये चालतात, पण आम्ही कागदही जवळ ठेवले. घाटात नेट गेलेलं असताना चौकीवर उभं राहणं टळतं.

शरीराची तयारी

इथे मी थोडी जास्त लिहिणार आहे, कारण माझ्याकडे येणारे बाईकवाले या चुका करूनच येतात.

करंगळी आणि शेजारच्या बोटाला मुंग्या येत असतील तर तळव्याच्या कडेला हँडल दाबून नस चेपली जातेय. अंगठा, तर्जनी आणि मधल्या बोटाला येत असतील तर मनगट वर वाकलेलं राहतंय. दोन्हीचं मूळ बहुतेक वेळा एकच: क्लच आणि ब्रेकचे लिव्हर फार वर लावलेले असतात. सीटवर नेहमीसारखं बसा, डोळे मिटा, हात सरळ हँडलवर ठेवून बोटं लांब करा. बोटं लिव्हरवर पडताना मनगट सरळ राहिलं पाहिजे. राहत नसेल तर मेकॅनिक लिव्हर खाली फिरवून देतो, पाच मिनिटांचं काम. बोरिवलीवालीच्या मुंग्या एवढ्यानंच गेल्या. हँडल घट्ट धरू नका. चालवताना मधूनच बोटांनी हवेत पियानो वाजवल्यासारखं करता आलं तर पकड बरोबर आहे.

कानात फोमचे बोळे घाला. हायवेच्या वेगात हेल्मेटमधला वाऱ्याचा आवाज कानाला इजा करण्याइतका मोठा असतो, आणि संध्याकाळचा अर्धा थकवा त्या आवाजाचाच असतो. हॉर्न ऐकू येतात, काळजी नको.

आणि पाणी. बाथरूमची सोय नाही म्हणून बायका पाणी पीत नाहीत. हे मी रोज बघते आणि मला त्याचं फार वाईट वाटतं. पाणी कमी पडलं की आधी लक्ष उडतं, डोकं जड होतं, मग चुका होतात, आणि लघवीचा संसर्ग झाला तर सहल तिथेच थांबते. आमचा रिवाज असा होता की पेट्रोल लागो न लागो, दर ऐंशी-नव्वद किलोमीटरला पंपावर थांबायचं. पेट्रोल पंपावर बाथरूम असतं, कुलूप असलं तर न लाजता किल्ली मागायची. प्रत्येक थांब्यावर पेलाभर पाणी, दुपारी एकदा ओआरएस. किनाऱ्याच्या दमट हवेत घाम वाळत नाही, तिथे जाळीचं जॅकेट हवं. ऊन आहे म्हणून जॅकेट काढायचं नाही.

मुंबईतून बाहेर पडताना

मोटरसायकलला सी लिंक नाही, कोस्टल रोड नाही, ईस्टर्न फ्रीवे नाही, अटल सेतू नाही. पुण्याचा एक्स्प्रेसवेही नाही. मोबाईलमधला नकाशा कारवर लावलेला असेल तर तो कळंबोलीला तुम्हाला थेट एक्स्प्रेसवेवर घालतो, म्हणून आधीच दुचाकीवर बदला. आम्ही चौघी चार दिशांनी येणार, तेव्हा भेटायची जागा पनवेलजवळचा पळस्पे फाटा ठरवली, पहाटे साडेपाच. गोव्याचा रस्ता तिथून उजवीकडे फुटतो, आपण जुन्या पुणे रस्त्यानं खोपोलीकडे जायचं. बोरघाट चढताना शिंग्रोबाचं देऊळ लागतं. इंग्रजांना घाटाची वाट दाखवणाऱ्या धनगराचं ते ठाणं, असं सांगतात. आम्ही तिथे नाणं ठेवून पुढे गेलो, आणि तुम्हीही थांबा, कारण चढाचा पहिला टप्पा झाल्यावर चौघी मागेपुढे किती पांगतात ते तिथे कळतं.

चालण्याची रीत अशी. पुढे रस्ता माहीत असलेली, तिच्या मागे सगळ्यात नवखी, शेवटी सगळ्यात अनुभवी. २०१९ ला आम्ही नेमकं उलटं केलं होतं. एका रेषेत चालायचं नाही, एक डावीकडे तर दुसरी थोडी उजवीकडे. पुढचीनं खांब ओलांडला की मनात सावकाश "गणपती बाप्पा मोरया" म्हणायचं, ते संपायच्या आत आपण खांबाशी पोचलो तर फार जवळ आहोत. वळणावर, फाट्यावर पुढचीनं थांबायचं, आरशात मागचीचा दिवा दिसेपर्यंत हलायचं नाही. टोलनाक्यावर दुचाकीला टोल नसतो, डावीकडच्या कडेच्या वाटेनं निघायचं, पण तिथे वाळू आणि ऑईल असतं, वेग कमी ठेवा.

वाट

पन्हाळ्यावरून वेष पालटून निघालेले राजाराम महाराज १६८९ साली जिंजीला पोचले. कोल्हापूरहून निघून कर्नाटक आडवं ओलांडत तमिळ मुलखात उतरायचं, ही दिशा मला त्यामुळेच हवी होती. आमचे मुक्काम: कोल्हापूर, होस्पेट, तुमकूर, तिरुवण्णामलै, तंजावर, रामेश्वरम, कन्याकुमारी, कोची, कोझिकोड, म्हैसूर, चित्रदुर्ग, हुबळी, सातारा. हंपीसाठी होस्पेटला एक जादा दिवस, जिंजीसाठी तिरुवण्णामलैला एक, तंजावरला एक आणि कोचीला एक. तुमकूरला मुद्दाम थांबलो, म्हणजे बंगळूर पहाटे, गर्दी व्हायच्या आत ओलांडता येतं.

कर्नाटकात आतल्या रस्त्यांवर जानेवारीत नाचणी, कुळीथ डांबरावर पसरलेले असतात, गाड्यांच्या चाकांनी मळणी व्हावी म्हणून. त्यावर ब्रेक मारायचा नाही, वळायचं नाही. वेग आधीच उतरवून सरळ जायचं, आणि पलीकडे थांबून चेनमध्ये आणि सायलेन्सरजवळ अडकलेला काड काढायचा. गरम सायलेन्सरवर तो पेटू शकतो.

जिंजीच्या किल्ल्याचा मुख्य डोंगर, राजगिरी, चढायचा तर सकाळी लवकर, नऊनंतर दगड तापतो. शिवाजी महाराजांनी हा गड १६७७ ला घेतला, आणि पुढे राजाराम महाराज इथून आठ वर्षांहून जास्त मोगलांशी लढत राहिले. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोनं मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारसा यादीत घेतले, त्यातला महाराष्ट्राबाहेरचा हा एकटा. आम्ही वर पोचलो तेव्हा ठाणेवाली बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "एवढ्या लांब आले होते ते." गाडीवर तीन मुक्काम करून आल्यावर हे अंतर अंगाला कळतं, म्हणून विमानानं आलेल्याला जिंजी वेगळी दिसत असेल असं मला वाटतं.

तंजावरला एक पूर्ण दिवस द्याच. राजराज चोळाचं बृहदीश्वर मंदिर १०१० सालचं. त्याच्याच भिंतीवर सरफोजीराजांनी १८०३ मध्ये भोसल्यांचा इतिहास मराठीत कोरून घेतला आहे. व्यंकोजीराजांपासून १८५५ पर्यंत इथे मराठ्यांचं राज्य होतं. देवळात जायचं तर संध्याकाळी. दुपारी फरशी अनवाणी पायांना भाजते, आणि भाजलेल्या तळव्यांनी दुसऱ्या दिवशी गिअर टाकणं त्रासाचं होतं.

रामेश्वरमच्या वाटेवर पांबनचा रस्त्याचा पूल लागतो. त्यावर गाडी थांबवून फोटो काढणारे बरेच असतात, तुम्ही थांबू नका. समुद्रावरचा वारा आडवा येतो आणि थांबलेली गाडीही ढकलतो. धनुष्कोडीला पहाटे जा. डिसेंबर १९६४ च्या वादळात हे गाव वाहून गेलं, रेल्वेगाडीसकट. पडक्या चर्चच्या भिंती अजून उभ्या आहेत. तिथून अरिचलमुनै या टोकापर्यंत आता पक्का रस्ता आहे, दोन्ही बाजूंना समुद्र, आणि वाऱ्यानं डांबरावर वाळू येते. वाळूवर पुढचा ब्रेक नको. टोकाला पोचल्यावर डोंबिवलीवालीनं हेल्मेट काढलं, डावं मनगट गोल फिरवून मला दाखवलं आणि पाण्याकडे चालत गेली.

केरळात हायवे रुंद करायचं काम चालू होतं, त्यामुळे अंतर कमी दिसलं तरी वेळ दीडपट धरा. कोझिकोडहून ताम्रश्शेरी घाट चढून वायनाडमार्गे म्हैसूरला येताना बंदीपूरच्या जंगलातला रस्ता रात्री नऊ ते सकाळी सहा बंद असतो, आणि जंगलात कुठेही थांबायचं नसतं. हत्ती दिसला तर अंतर ठेवून, इंजिन चालू ठेवून वाट बघा. हॉर्न नको. उटी किंवा कोडाईकनाल करणार असाल तर मे २०२४ पासून तिथे ई-पासची पद्धत आहे, नियम निघण्याआधी बघून घ्या. नीलगिरीत प्लास्टिकच्या पाण्याच्या बाटल्या चालत नाहीत, स्टीलची बाटली ठेवा.

भाषेची भीती बाळगू नका. तमिळनाडूत अण्णा आणि अक्का, केरळात चेट्टा आणि चेची, म्हणजे दादा आणि ताई, एवढ्यावर दारं उघडतात. पाणी मागायला कानडीत नीरु, तमिळमध्ये तण्णी, मल्याळममध्ये वेळ्ळम. "पंक्चर" सगळीकडे पंक्चरच.

पैसे

प्रत्येकीनं सुरुवातीला पाच हजार एका पेटीत टाकले, संपले की पुन्हा तेवढेच. पेट्रोल, लॉज, जेवण सगळं त्यातून. दीडशेच्या गाडीला पेट्रोल कमी लागतं म्हणून वेगळा हिशोब ठेवायचा का, हा प्रश्न निघाला होता. आम्ही ठेवला नाही. पंक्चर कुणाचंही असो, खर्च पेटीतून. त्यामुळे गाडीत काही खुट्ट वाजलं की जी ती लगेच सांगायची, खर्च वाढेल म्हणून लपवलं नाही कुणी. हिशोब बोरिवलीवाली ठेवायची, रोज रात्री जेवणानंतर वाचून दाखवायची.

परतीचे दिवस

अपघात परतीच्या वाटेवर जास्त होतात असं माझ्याकडे येणाऱ्या रुग्णांवरून मला वाटतं. घर जवळ आलं की माणूस पल्ला वाढवतो. म्हणून परतीचा शेवटचा दिवस लहान ठेवा. हुबळीहून कोल्हापूरला न थांबता साताऱ्याला आलो, म्हणजे शेवटच्या दिवशी अडीचशेच किलोमीटर उरले. पुण्यात शिरताना कात्रजचा नवा बोगदा संपला की नवले पुलापर्यंत लांब उतार आहे. तिथे मागून ब्रेक न लागणारे ट्रक येतात. डाव्या कडेनं, खालच्या गिअरमध्ये, आरशावर नजर ठेवून उतरा आणि ट्रकच्या पुढे राहू नका.

पळस्प्याला दुपारी दोनला पोचलो. तिथे शेवटचा थांबा घ्यायचाच, कारण तिथून पुढे प्रत्येकजण एकटी असते आणि मुंबईची गर्दी सुरू होते. घरी पोचल्यावर "पोचले" असा निरोप टाकायचा, चारही येईपर्यंत कुणी अंघोळीला जायचं नाही, असं ठरलं होतं. माझा पहिला गेला. मग ठाण्याचा, मग बोरिवलीचा. डोंबिवलीचा चारला दहा मिनिटं असताना आला: "पोचले. शिळफाट्याला चहा घेतला."